नोकरी सोडल्याची बातमी आणि तिच्यापुढची दहा वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षातून दोन-चार वेळा तरी एक ठरावीक बातमी वाचायला मिळते. कुणी अभियंता, कुणी सीए, कुणी परिचारिका चांगल्या पगाराची नोकरी सोडून फादर किंवा सिस्टर व्हायला निघते. मथळ्यात पगाराचा आकडा असतो आणि शेजारी वेदीपुढे पालथे पडून प्रार्थना करणाऱ्या तरुणाचा फोटो. बातमी चांगल्या भावनेनेच छापलेली असते. पण ती वाचून लोकांचा, आणि घरच्यांचा तर हमखास, समज होतो की राजीनामा दिला की संसार सुटला. खरे पाहता तो फोटो निघतो त्याच्या आधी आठ-दहा वर्षे गेलेली असतात. त्या वर्षांत काय सोडायचे, केव्हा सोडायचे आणि काय मुळीच सोडायचे नाही, हे घरी सहसा कुणी नीट समजावून सांगत नाही. पाचारणाच्या, म्हणजे देवाच्या हाकेच्या, वाटेवर निघालेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलण्याचे काम आम्ही करतो, म्हणून हे लांबलचक पत्र.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, सोडायचे ते क्रमाने सोडावे. आणि ख्रिस्तसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, जे अजून सोडायला सांगितलेलेच नाही, ते दुसऱ्या कुणी आधीच सोडवून घेऊ नये.

काही जणांना हा हिशेबीपणा वाटतो. देवाने हाक मारल्यावर कर्जाचे हप्ते आणि सातबारा कसला पाहता, असे ते विचारतात. त्यांनी शुभवर्तमान पुन्हा उघडून पाहावे. याकोब आणि योहान येशूच्या मागे गेले तेव्हा त्यांनी बाप जब्दीला तारवात सोडले खरे, पण मार्क सांगतो की ‘मजुरांबरोबर’ सोडले. तारू होते, जाळी होती, हाताशी माणसे होती. म्हातारा उघड्यावर पडला नव्हता. बुरूज बांधायला घेणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा दाखला लूकच्या चौदाव्या अध्यायात शिष्य होण्याच्याच संदर्भात आला आहे. आणि जे लोक आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून आईबापांची जबाबदारी झटकत होते, त्यांना येशूने चांगलेच खडसावले आहे. क्रूसावर शेवटची घटका आली असतानाही त्याने आईची सोय लावली. तेव्हा घरची व्यवस्था लावून जाणे म्हणजे नांगराला हात घालून मागे पाहणे नव्हे.

आधी एक मोठा घोटाळा दूर करू. फादर होणारा प्रत्येक जण दारिद्र्याचे व्रत घेतो, अशी समजूत सर्रास आढळते. ती बरोबर नाही. धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या भागाचा, धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि आपल्या बिशपांना व त्यांच्यानंतर येणाऱ्या बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो. दारिद्र्याचे व्रत तो घेत नाही. त्याने साधेपणाने राहावे अशी अपेक्षा असते, पण त्याच्या नावावर जमीन राहू शकते, वारसा येऊ शकतो, बँकेत खाते असू शकते. येशूसंघी, फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा संघांतले धर्मगुरू, तसेच सर्व सिस्टर आणि ब्रदर (गुरुदीक्षा न घेता संघात राहणारे पुरुष) हे व्रतस्थ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रते त्यांची. ब्रदर म्हणजे अर्धवट राहिलेला फादर, हाही असाच गैरसमज. वसईचे संत गोन्सालो गार्सिया पूर्वेकडच्या बंदरांत व्यापारात जम बसवलेले गृहस्थ होते. तो व्यापार सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले ते ब्रदर म्हणूनच, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर चढले तेही ब्रदर म्हणूनच. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आपल्याच मातीतले हे उदाहरण असताना पोरगा ‘नुसता ब्रदर’ होणार म्हणून घरात नाराजी व्हावी, याचे वाईट वाटते.

आता वर्षांचा हिशेब. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे, धर्मगुरूच्या शिक्षणात तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार अशी निदान सहा पूर्ण वर्षे धरलेली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये रोमने जी नवी मार्गदर्शिका दिली, तिच्यात त्याआधी एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा सांगितला आहे. मध्ये कुठेतरी वर्षभर प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो. शेवटी डिकन, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीवरचा सेवक, म्हणून दीक्षा, त्यानंतर किमान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा, आणि तीही वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नाही. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरी, मग ती पुण्याची पेपल सेमिनरी असो, गोरेगावची संत पायस दहावे सेमिनरी, गोव्यातले राशोल, कुठेही गेलात तरी हा सांगाडा तोच. पदवी घेऊन गेलेला मुलगा गुरुदीक्षेला पोचायला सात-आठ वर्षे सहज लागतात. संघातून गेला तर दहाच्या वर.

सिस्टरांचे टप्पे वेगळे. आधी उमेदवारी; तिची मुदत प्रत्येक संस्था आपापल्या घटनेप्रमाणे ठरवते. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीच्या पारखणीचा काळ, बारा महिन्यांपेक्षा कमी नाही आणि दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. मग पहिली व्रते, जी तात्पुरती असतात. ती तीन ते सहा वर्षांची. फार तर एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येतात. त्यानंतर अंतिम व्रते, वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर. मठाच्या भिंतींआड राहून केवळ प्रार्थनेला वाहून घेणाऱ्या धर्मभगिनींसाठी २०१८ पासून ही सुरुवातीची घडण निदान नऊ वर्षांची केली आहे. पुरुषांत येशूसंघाची रीत निराळी. तिथे दोन वर्षांच्या नोव्हिशिएटनंतर घेतलेली व्रतेच कायमची असतात. म्हणून ‘तात्पुरतीच व्रते आहेत, पुढचे पुढे पाहू’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट देऊ नये.

ही वर्षे इतकी का, असे विचारणाऱ्यांना एकच सांगणे आहे. ती वर्षे पारखण्यासाठी आहेत, आणि पारख दोन्ही बाजूंनी चालते.

निघण्याआधी घरी बसून पाहायच्या गोष्टींत पहिली कर्जाची. ज्याच्यावर कर्ज आहे आणि जो ते फेडू शकत नाही, त्याला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असे कॅनन लॉचे ६४४ वे कलमच सांगते. आपल्याकडे हे बहुधा शैक्षणिक कर्जात अडते. समजा सहा लाख बाकी आहेत, व्याज साडेदहा टक्के आणि मुदत सात वर्षे. हप्ता साधारण दहा हजार शंभर रुपयांचा येतो. मुलाने राजीनामा दिला की तो हप्ता सहकर्जदार म्हणून वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जायला लागतो. तोच मुलगा नोकरीत राहून महिन्याला पंचवीस हजार भरत गेला, तर सव्वादोन वर्षांत मोकळा होतो. तेवढा काळ त्याने दर महिन्याला आध्यात्मिक सल्लागाराला भेटावे, सुटीत व्होकेशन (पाचारण) शिबिराला जावे, चर्चमध्ये रोजच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जावे. सव्वादोन वर्षांनी हाक विरून जात असेल, तर ती विरली हे आधीच कळलेले बरे.

कर्जापेक्षा लपलेली गोष्ट म्हणजे जामीनकी. पतपेढीत मित्राला, चुलतभावाला जामीन राहिल्याचे मुलगे विसरून जातात. तीन वर्षांनी नोटीस घरी येते, तेव्हा हा सेमिनरीत ग्रीक शिकत असतो. जामीन बदलून घेण्यासाठी पतपेढीला लेखी अर्ज करावा लागतो, दुसरा जामीनदार द्यावा लागतो, आणि मंजुरीचे पत्र हातात आल्याशिवाय सुटका झाली असे धरू नये. क्रेडिट कार्ड नुसते कापून टाकून बंद होत नाही. बँकेकडून खाते बंद केल्याचे पत्र घ्यावे, नाहीतर वार्षिक शुल्कावर दंड आणि दंडावर व्याज चढत राहते.

राजीनामा नोटिशीचा काळ पूर्ण करून द्यावा आणि अनुभवाचे पत्र, कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन ठेवाव्यात. नवीन जीवनात यांचा काय उपयोग, असे वाटते. पण परत येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हीच कागदे लागतात. सेवा दहा वर्षांच्या आत असेल तर निवृत्तिवेतन योजनेतली रक्कम काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते. त्याने झालेली सेवा जमेस राहते. आमचा सल्ला नेहमी प्रमाणपत्राकडे असतो.

आईवडिलांचे काय, हा प्रश्न भावंडांसमोर विचारावा आणि उत्तर कागदावर लिहावे. दवाखान्याचा खर्च कोण करणार, म्हातारपणी कुणाकडे राहणार, घरपट्टी कोण भरणार. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा व्रतस्थ मुलामुलींना वगळत नाही. एकुलता एक मुलगा किंवा मुलगी असेल तर हा विषय संस्थेच्या प्रमुखांशी प्रवेशाआधीच बोलावा. पुष्कळ संस्था अशा वेळी समजून घेतात, गरजू आईवडिलांसाठी काही तजवीजही करतात, पण आधी सांगितले तर. पहिल्या व्रतांच्या आदल्या महिन्यात सांगितले तर सगळ्यांचीच अडचण होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले, ती मालमत्तेची.

मुलगी कॉन्व्हेंटला जायची ठरली की काही घरांत आठवड्याभरात हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होतो. ‘तुला आता काय करायचीय जमीन?’ हे वाक्य प्रेमानेच बोलले जाते. मुलगी विशीतली, मनाने आधीच कॉन्व्हेंटच्या दारात पोचलेली. ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठे आणि सह्या देऊन मोकळी होते. तिला वाटते, आपल्या त्यागाची हीच सुरुवात. आणि ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो? ६६८ वे कलम सांगते की पहिल्या व्रतांआधी तिने आपल्या मालमत्तेचा कारभार आपल्या पसंतीच्या माणसाकडे सोपवावा, उत्पन्नाचे काय करायचे ते ठरवावे. फक्त कारभार; मालकी नव्हे. मृत्युपत्र करायचे ते अंतिम व्रतांआधी, आणि ते देशाच्या कायद्यानेही ग्राह्य ठरेल असे. ज्या संघांच्या स्वरूपातच संपूर्ण त्याग आहे, तिथेसुद्धा मालकीचा त्याग अंतिम व्रतांच्या तोंडावर लिहून दिला जातो आणि व्रतांच्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे रोम जिथे आठ-दहा वर्षे थांबायला तयार आहे, तिथे आपण आठ दिवस थांबायला तयार नाही.

यातून काय बिघडते ते उघड आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी ती परत आली तर तिच्या नावावर काही नाही. परत येण्याची लाज आणि ही रिकामी ओंजळ मिळून काही जणी मन नसताना आत राहतात. अशा राहण्याने तिचेही भले होत नाही, संस्थेचेही नाही.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ ख्रिस्ती माणसाला लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर पत्नीला एक तृतीयांश आणि राहिलेला दोन तृतीयांश सर्व मुलामुलींत सारखा. मुलगी सिस्टर झाली म्हणून तिचा वाटा या कायद्याने कमी होत नाही. संन्यास घेतला की माणूस घरादाराला मेला, ही आपल्याकडची जुनी कल्पना इथे लावता येत नाही. म्हणून वारसनोंद करताना तिचे नाव गाळून तलाठ्याकडे अर्ज देणे हे चूकच. तिचा वाटा तिने नंतर भावाला द्यावा, आईला द्यावा, संस्थेला द्यावा, ती तिची खुशी. पण अंतिम व्रतांच्या वेळी, पूर्ण विचार करून.

मृत्युपत्रातल्या चुकाही ठरलेल्या. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या पत्नीने, पतीने साक्षीदार होऊ नये. झाल्यास त्याला दिलेले दान रद्द ठरते. आईला घर लिहून द्यायचे आणि साक्षीला वडिलांची सही घ्यायची, हा प्रकार म्हणूनच फसतो. धर्मादाय कामाला मालमत्ता देण्याबाबत एक जुनी भीती अजून टिकून आहे. याच कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांत जमा करावे लागे, तरच धर्मादाय दान टिके. केरळच्या फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. जुन्या वकिलांकडून अजूनही त्याचा हवाला मिळतो. तो धरून बसू नये. गोव्यातली गोष्ट मात्र वेगळी. तिथे मालमत्तेचा अर्धा भाग हक्काच्या वारसांसाठी राखलेला असतो, त्यामुळे वसईचा नमुना उतरवून मडगावात मृत्युपत्र करू नये.

पगाराबद्दलही एकदा स्पष्ट व्हावे. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिच्या व्रतामुळे संस्थेचा होतो. पण कर खात्याच्या दृष्टीने तो तिचाच. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू आणि केरळकडून आलेली अपिले फेटाळली आणि अशा पगारातून टीडीएस कापला जाईल हे कायम केले. म्हणून व्रतस्थ झाले तरी पॅन कार्ड, विवरणपत्र, बँक खाते यांतून सुटका नाही. त्यातच नावाचा गुंता. काही संस्थांत व्रतांच्या वेळी नवे नाव मिळते. शाळेत, पत्रव्यवहारात, कधी बँकेतही ते वापरले जाते आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर मात्र स्नानसंस्काराचे नाव. आधार एक सांगते, पदवी दुसरे. कागदोपत्री मूळ नावच शेवटपर्यंत ठेवावे. बदलायचेच असेल तर राजपत्रात नोंद करून सगळीकडे एकदम बदलावे. अर्धे बदलणे सर्वांत वाईट.

नोव्हिशिएटचे वर्ष कसे असते, हे घरच्यांना माहीत नसल्याने तेही नकळत अडथळे आणतात. या वर्षात नोव्हिसने, म्हणजे नोव्हिशिएटमधल्या उमेदवाराने, घडणीशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा काम करू नये, असा नियम आहे. त्यामुळे ‘जाता जाता बाहेरून एमए करून घे’ हा सल्ला गैरलागू. घरापासून दूर राहिलेले दिवस मोजावे लागतात तसे इथे नोव्हिशिएटपासून दूर राहिलेले दिवस मोजतात. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर ती भरून काढावी लागते. तुटक तुटक मिळूनसुद्धा तीन महिन्यांच्या वर गेली तर ते नोव्हिशिएटच रद्द ठरते. मामाच्या मुलीच्या लग्नाला पाच दिवस, आजीच्या महिन्याच्या मिस्सेला चार, सणाला आठ, असे बोलावत गेले की मुलीचे वर्ष वाया जाण्याची वेळ येते. आजारपण, मृत्यू यासाठी परवानगी मिळते. बाकीच्यासाठी मागूच नये.

आणि कठीण काय जाते? प्रार्थना नव्हे. पहाटे उठणे, मौन, झाडलोट, स्वयंपाकघरातली पाळी, याची सवय दोन महिन्यांत लागते. कठीण जाते ते मागणे. पाच वर्षे स्वतःच्या पगारावर राहिलेली सत्तावीस वर्षांची मुलगी सुपीरियरच्या, म्हणजे मठप्रमुख सिस्टरच्या, टेबलापुढे उभी राहून अंगाचा साबण संपला म्हणून सांगते, चपलेचा अंगठा तुटला म्हणून वीस रुपये मागते आणि संध्याकाळी उरलेले दोन रुपये परत आणून वहीत लिहिते. दारिद्र्याचे व्रत इथे, त्या वहीच्या रकान्यात असते. एका झटक्यात लाखाची नोकरी सोडण्यात जो आवेश असतो तो या दोन रुपयांच्या कामी येत नाही. म्हणून आम्ही नोकरदार उमेदवारांना सांगतो की निघण्याआधी सहा महिने घरीच करून पाहा. पगार आईच्या हातात द्या, लागेल तसे मागा, हिशेब द्या. चिडचिड कुठे होते ते टिपून ठेवा आणि सल्लागाराला दाखवा.

प्रवेशाच्या वेळी स्नानसंस्काराचा आणि दृढीकरणाचा दाखला लागतो, अविवाहित असल्याचा दाखला लागतो, वैद्यकीय तपासणी होते. मानसशास्त्रीय चाचणीही घेतात. ती उमेदवाराच्या संमतीनेच घ्यायची असते, आणि तिचा अहवाल गावभर फिरवायचा नसतो. मूर्च्छेचे, नैराश्याचे औषध चालू असेल तर ते लपवून जाऊ नये. लपवले की गोळ्या बंद होतात, आणि गोळ्या बंद झाल्या की पहिल्या वर्षातच कोसळणे ओघाने आले.

हेतूची तपासणी याहून अवघड. प्रेमभंग, स्पर्धा परीक्षेतले अपयश, घरातली भांडणे यांतून सुटण्यासाठी निघालेला माणूस बहुधा स्वतःलाही ते सांगत नाही. त्याच्यासाठी साधा उपाय म्हणजे थांबणे. त्या घटनेनंतर किमान वर्षभर कोणताही अर्ज करू नये. दुसरा प्रकार नवसाचा. मूल वाचले तर देवाला देईन, असे आईने म्हटलेले असते आणि त्या मुलाला लहानपणापासून तेच ऐकवले जाते. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेला नोव्हिशिएटमधला प्रवेश कायद्याने अवैध आहे, आणि कुणाला गुरुदीक्षा घ्यायला भाग पाडण्यास सक्त मनाई आहे. आईचा नवस आईने फेडावा, मुलाच्या आयुष्याने नव्हे. गुरुदीक्षेआधी धर्मग्रामातल्या, म्हणजे त्या चर्चच्या परिसरातल्या, लोकांवरही एक जबाबदारी असते. उमेदवाराच्या बाबतीत काही अडथळा ठाऊक असेल तर तो बिशपांना किंवा प्रमुख धर्मगुरूंना कळवणे श्रद्धावंतांना बंधनकारक आहे. आपण मात्र मंडपाची आणि जेवणाची वर्गणी दिली की काम झाले असे समजतो.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ब्रह्मचर्याची अट नाही, त्यामुळे तिथला प्रश्न वेगळ्या जागी येतो. तिथे पाळकाबरोबर त्याच्या पत्नीला आणि मुलांनाही त्याग करावा लागतो, आणि त्यांना विचारलेले असतेच असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने देवाचा दरबार उभारायला घेतला, तेव्हा त्यांच्या पाठीमागे संसार होता, आणि त्याचा भार कुणी उचलला हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आजच्या पाळकाची अडचण निवृत्तीच्या दिवशी उभी राहते. आयुष्यभर चर्चच्या बंगल्यात राहिलेल्या माणसाला त्या दिवशी स्वतःचे छप्पर नसते. पाळकपणाच्या पहिल्या वर्षापासून पत्नीच्या नावे छोटी का होईना बचत सुरू करणे, भविष्य निर्वाह निधीत मंडळी आपला वाटा भरते की नाही हे दरवर्षी पाहणे, याला अविश्वास म्हणू नये.

राहिला परतीचा विषय. नोव्हिस केव्हाही निघून येऊ शकते, तिला कुणी अडवू शकत नाही. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की त्या दिवशी ती मोकळी असते. मुदतीच्या मध्ये यायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते. अंतिम व्रतांनंतरची वाट अवघड, पण तीही कायद्यात आहे. केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, हे खरे. पण त्याच ७०२ व्या कलमात पुढे लिहिले आहे की संस्थेने अशा व्यक्तीशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे. म्हणून निघताना संकोच न करता विचारावे. मूळ गुणपत्रिका परत घ्याव्यात, शिकवल्याच्या वर्षांचे प्रमाणपत्र घ्यावे, पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची लेखी तरतूद करून घ्यावी. काही संस्था हे मनापासून करतात. काही ठिकाणी संध्याकाळच्या गाडीचे तिकीट हातात मिळते आणि एवढेच. हे थांबले पाहिजे, आणि ते थांबवण्यासाठी धर्मप्रांतांनी परत येणाऱ्यांसाठी एक ठरलेला माणूस आणि एक छोटा निधी ठेवावा, अशी आमची जाहीर मागणी आहे.

समाजाचे वागणे याहून कठोर. परत आलेल्या मुलीला ‘पळून आली’ म्हणतात. मुलाला ‘फेल झाला’ म्हणतात. रविवारी चर्चच्या आवारात लोक नजर चुकवतात. संन्यासातून घरी परतलेल्या विठ्ठलपंतांचे आणि त्यांच्या लेकरांचे आळंदीत काय झाले, ते आपण शाळेत शिकतो आणि हळहळतो. मग दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या पोरीला आपण काय विचारतो? ‘का आलीस?’ विचारायचे ते ‘जेवलीस का?’ असे विचारावे. पारखण्यासाठी दिलेल्या वर्षांत तिने पारखले आणि उत्तर नाही असे आले. त्यासाठीच ती वर्षे होती.

आईवडिलांना शेवटची एक विनंती. मुलगी नोव्हिशिएटला गेली की शिधापत्रिकेतून तिचे नाव कमी करायला धावू नका. तिचा मतदार यादीतला पत्ता, बँकेतले खाते, आरोग्य विम्यातले नाव अंतिम व्रतांपर्यंत जिथल्या तिथे राहू द्या. विम्याचा हप्ता थोडा वाढतो, तो भरा. ती परत आली नाही तर अंतिम व्रतांनंतर ही नावे कमी करता येतात.

आपले,
पाचारण मार्गदर्शनाचे काम करणारे काही वाचक, वसई